मायकेल फॅरडे

विजेचा दिवा लावतांना ज्याचें स्मरण व्हावें अशा एका थोर पुरुषाचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सादर करीत आहों.

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळील न्यूइंग्टन येथें एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. लिहिणें, वाचणें व अंकगणित यांपलीकडे शाळेंत त्यास फारसें शिकतां आलें नाहीं. चवदाव्या वर्षीं तो पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवार राहिला आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें फावल्या वेळीं वाचूं लागला. १८१२ सालीं त्यानें सर हंफ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टिपणें स्वच्छ लिहून, बांधून त्यांजकडे धाडलीं, आणि १८१३ च्या मार्चमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत त्यास मदतनिसाची जागा मिळाली.

१८३१ सालीं त्यानें चुंबकाच्या साहाय्यानें वीज उत्पन्न केली, हें सर्वांस ठाऊकच आहे. १८३३ चा त्याचा शोध मात्र तितका प्रसिद्ध नाहीं. विजेच्या मार्गांत बर्फाचा पातळ पापुद्रा आला कीं प्रवाह थांबतो, असें त्याच्या नजरेस आलें. दुसरा एखादा हें विघ्न समजून पापुद्रा खरवडून टाकता. फॅरडेनें त्या विघ्नाचेंच कारण शोधिलें. शिशाचें क्लोराइड वितळवून त्यांत त्यानें प्लॅटिनमच्या तारा सोडल्या, तों प्रवाह वाहूं लागला. तें थिजतांच बंद पडला. घन लवणांतील विद्युद्भारित कण जागच्या जागीं जखडलेले असतात व लवण वितळल्यावर ते हिंडूं लागतात, हें आज आपणांस कळतें. त्या कणांस ‘आयन’ हें नांव फॅरडेनेंच १८३४ सालीं रूढ केलें.

या शोधाचा धागा पुढें लांबवर गेला. १९५६ सालीं अमेरिकेंत बर्नी आल्डर व त्याचा सहकारी यांनीं स्फोटाच्या आघातानें सीझियम आयोडाइडसारखीं लवणें लक्षाहून अधिक वातावरणांच्या दाबाखालीं क्षणमात्र चेपलीं, तों त्यांतूनही वीज वाहूं लागली. अणु अतिशय जवळ आले कीं त्यांना बिलगलेले इलेक्ट्रॉनही मोकळे होऊं लागतात. उष्णतेनें जें बंधन सुटतें, तें दाबानेंही निराळ्या रीतीनें सुटतें.

फॅरडेनें ‘सर’ ही पदवी नाकारली व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही स्वीकारलें नाहीं. उतारवयांत त्याची स्मरणशक्ति क्षीण झाली. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं तो निवर्तला.

प्रयोग फसला म्हणून वही मिटणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं तो बर्फाचा पापुद्रा अवश्य आठवावा.