बिनविरोध उंट: विल्हेम स्टाइनिट्झची गोष्ट

बुद्धिबळाच्या वर्गात नव्या मुलाला सर पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट बजावतात. घोडा चुकीच्या घरी गेला तर परत आणता येतो. हत्ती येतो, उंट येतो, वजीरही येतो. प्यादं मात्र एकदा पुढे सरकलं की मागे येत नाही. म्हणून प्यादं हलवताना दोनदा विचार कर, पुढची घरं दिसतात तशी मागे राहणारी घरंही बघ.

आज हे इतकं साधं वाटतं की कुणी कधी शोधून काढलं असेल असं मनातही येत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी हे उघड नव्हतं. ते जगाला पटवून देण्यात एका माणसाचं आयुष्य गेलं. तो बुद्धिबळाचा पहिला अधिकृत विश्वविजेता, विल्हेम स्टाइनिट्झ.

१४ मे १८३६ रोजी प्राग शहरातल्या ज्यू वस्तीत त्याचा जन्म झाला. घर गरिबीचं, भावंडं बरीच. मूर्ती ठेंगणी आणि पाय अधू, त्यामुळे चालताना काठीचा आधार लागायचा. बारा वर्षांचा असताना तो बुद्धिबळ शिकला. पुढे १८५८ मध्ये गणित शिकायला व्हिएन्नाला गेला. तिथल्या कॉफीगृहांत पैशावर डाव चालत. शिक्षण मागे पडलं आणि बुद्धिबळ हाच पोटापाण्याचा उद्योग झाला. १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या स्पर्धेत तो पहिला आला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेला. तिथे नंबर सहावा आला, पण लंडन त्याला मानवलं. पुढची वीस वर्षं तो तिथेच राहिला.

त्या काळातला खेळ कसा होता हे समजल्याशिवाय स्टाइनिट्झचं महत्त्व कळत नाही. सुरुवातीलाच एखादं प्यादं देऊन टाकायचं, मोहरे भराभर बाहेर काढायचे आणि एकामागून एक बळी देत समोरच्या राजावर तुटून पडायचं. ज्याची झेप मोठी तो मोठा खेळाडू. बळी दिला तर तो घेतलाच पाहिजे, नाही घेतला तर भित्रा. या पद्धतीचा बादशहा म्हणजे जर्मनीचा आडोल्फ आंडरसेन. स्टाइनिट्झ स्वतः याच पठडीत वाढला होता आणि हल्ल्यात कुणाला हार जाणारा नव्हता. १८६६ मध्ये लंडनला त्यानं आंडरसेनलाच ८ विरुद्ध ६ डावांनी हरवलं. चौदा डावांत एकही बरोबरी नाही! त्या दिवसापासून लोक त्याला जगातला सर्वांत बलवान खेळाडू मानू लागले.

इथे एखादा समाधानी झाला असता. स्टाइनिट्झच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. हल्ला यशस्वी होतो तो का? हल्ला करणारा प्रतिभावान म्हणून, की बचाव करणाऱ्यानं आधी कुठेतरी काहीतरी बिघडवून ठेवलेलं असतं म्हणून? दुसरं उत्तर खरं असेल, तर बुद्धिबळ हा नुसता स्फूर्तीचा मामला राहत नाही, तो शिकता येतो आणि शिकवताही येतो. स्टाइनिट्झनं दुसरं उत्तर धरलं. आणि पटावर कायमचं काय बिघडतं, हे शोधताना तो प्याद्यांपाशी आणि घरांपाशी येऊन थांबला.

समजा, काळ्यानं किल्लेकोट केला आहे. राजासमोर एफ७, जी७ आणि एच७ या घरांवर तीन प्यादी उभी आहेत. जी७ वरचं प्यादं एफ६ आणि एच६ या दोन घरांवर पहारा देतं. ते एक घर पुढे ढकललं की पहारा उठला. ई पट्टीतलं प्यादंही आधीच निघून गेलेलं असेल, तर एफ६ वर कुठल्याच प्याद्याची नजर राहत नाही. अशा घराला स्टाइनिट्झ भोक म्हणायचा. ते आता डाव संपेपर्यंत बुजत नाही, कारण प्यादं मागे येत नाही.

आता गंमत बघा. एफ६ आणि एच६ ही दोन्ही काळी घरं. काळ्याचा काळ्या घरांवरून फिरणारा उंट जी७ वर बसला असेल तर तो दोन्ही भोकं राखतो. प्याद्याचं काम उंट करतो म्हणा ना. पण हाच उंट मारामारीत गेला आणि पांढऱ्याचा त्याच रंगाचा उंट शिल्लक राहिला, तर त्या सगळ्या काळ्या घरांवर पांढऱ्याचं राज्य. उंट आपला रंग कधी बदलत नाही. त्यामुळे समोरचा दुसरा उंट कितीही धडधाकट असला तरी या उंटाला तो कधीच अडवू शकत नाही. निवडणुकीत समोर उमेदवारच नसावा तसा हा बिनविरोध उंट. एकटं भोक फारसं नुकसान करत नाही, एकटा उंटही नाही. दोन्ही एकाच रंगाचे असले की डाव फिरतो.

हे सगळं स्टाइनिट्झनं पटावर दाखवलं ते १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेत. त्यातला पॅरिसवासी सॅम्युएल रोझेन्थालविरुद्धचा डाव मुद्दाम पट मांडून बघण्यासारखा आहे. स्टाइनिट्झकडे काळे मोहरे होते. रोझेन्थालनं नवव्या चालीला एफ पट्टीतलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि तेराव्या चालीला सी पट्टीतलं एक घर. दोन्ही चाली दिसायला निरुपद्रवी. पण डी आणि ई पट्टीतली त्याची प्यादी तोवर मारली गेली होती. त्यामुळे ई४ आणि डी३ ही पांढऱ्या रंगाची घरं कायमची उघडी पडली. पंधराव्या चालीला त्यानं स्टाइनिट्झचा घोडा मारण्यासाठी पांढऱ्या घरांवरचा आपला उंट देऊन टाकला. उंटाबदली घोडा, हिशेब बरोबर. पण त्या क्षणापासून स्टाइनिट्झचा पांढऱ्या घरांवरचा उंट बिनविरोध झाला.

पुढे स्टाइनिट्झनं घाई केली नाही. रोझेन्थालचा घोडा पटाच्या मध्यावर पाय रोवायला बघत होता. प्रत्येक वेळी एखादं प्यादं पुढे सरकवून स्टाइनिट्झनं त्याला उठवलं: डी४ वरून, मग ई५ वरून, मग जी४ वरून. शेवटी घोडा एफ२ वर मागे जाऊन बसला. मग बिनविरोध उंट कामाला लागला. आधी ए६, तिथून बी७, मग डी५, एफ७ आणि शेवटी जी६. वजीर तर त्याहून मजेचा. बाराव्या चालीला वजीर डी५ वर आला, तिथून डाव संपेपर्यंत तो दहा वेळा थांबला आणि दहाही वेळा पांढऱ्याच घरावर. हत्ती घुसला तो ई२ वर, तेही पांढरं. रोझेन्थालचा उरलेला उंट काळ्या घरांवरून हे सगळं नुसतं बघत राहिला. अखेर घोडा डी३ वर आला, ज्या घराला प्याद्याचा आधार उरलाच नव्हता त्याच घरावर, आणि तिथेच अडतिसाव्या चालीला वजिरानं त्याला टिपलं. रोझेन्थालनं डाव सोडला. कुठेही मोठा बळी नाही, टाळ्या घेणारी चाल नाही.

त्या स्पर्धेत स्टाइनिट्झ आणि ब्लॅकबर्न यांचा पहिल्या क्रमांकासाठी बरोबरीत शेवट झाला आणि निर्णायक दोन्ही डाव स्टाइनिट्झनं जिंकले. स्पर्धेतले शेवटचे चौदा डाव, हे दोन, १८७६ मध्ये ब्लॅकबर्नविरुद्धच्या सामन्यातले सातच्या सात आणि १८८२ च्या व्हिएन्ना स्पर्धेतले पहिले दोन, असे सलग पंचवीस डाव तो जिंकला.

तरीही लोकांना हा खेळ रुचेना. हा खेळ रटाळ आहे, भेकड आहे, अशी टीका झाली. १८७३ ते १८८२ या काळात 'द फील्ड' या लंडनच्या नियतकालिकात स्टाइनिट्झ बुद्धिबळाचं सदर चालवायचा. तिथून तो डावांची चिरफाड करायचा आणि टीकाकारांनाही सोडायचा नाही. जीभ तिखट, स्वभाव भांडखोर. मित्र कमी होत गेले, सदरही गेलं. १८८३ च्या लंडन स्पर्धेत योहानेस झुकेरटोर्ट त्याच्या तीन गुणांनी पुढे राहिला आणि झुकेरटोर्टच जगात श्रेष्ठ असं उघड बोललं जाऊ लागलं. त्याच वर्षी स्टाइनिट्झ अमेरिकेला गेला. तिथे १८८५ मध्ये त्यानं स्वतःचं बुद्धिबळाचं मासिक काढलं.

वादाचा निकाल पटावरच लागायला हवा होता. ११ जानेवारी १८८६ ला न्यूयॉर्कमध्ये दोघांचा सामना सुरू झाला. जो आधी दहा डाव जिंकेल तो विश्वविजेता. दोन्ही बाजूंनी दोन दोन हजार डॉलर लागले होते. पहिल्या पाच डावांनंतर झुकेरटोर्ट ४ विरुद्ध १ असा पुढे होता. स्टाइनिट्झ पन्नाशीला टेकलेला, पायानं अधू, आणि तेरा वर्षं मांडलेलं सगळं तत्त्व पणाला लागलेलं. तरी त्यानं खेळ बदलला नाही. सामना सेंट लुइसला गेला तेव्हा त्यानं ४–४ अशी बरोबरी साधली, आणि न्यू ऑर्लिन्समध्ये २९ मार्चला विसाव्या डावात दहावा विजय मिळवला. झुकेरटोर्टचे पाच, बरोबरीचे पाच.

पण हाच ठामपणा कधी कधी हट्ट व्हायचा. राजा हा भित्रा मोहरा नाही, तो स्वतःची काळजी घेऊ शकतो, असं त्याचं मत होतं. ते सिद्ध करायला तो आपल्या नावाच्या गॅम्बिटमध्ये पाचव्याच चालीला राजा ई२ वर न्यायचा, समोर वजीर मोकळा फिरत असताना! आपल्या पुस्तकात सुचवलेल्या विचित्र चालींचा बचाव करण्यासाठी १८९०–९१ मध्ये तो रशियाच्या चिगोरिनशी तारेवरून दोन डाव खेळला आणि दोन्ही हरला. स्वतःचा सिद्धांत तपासायला तो स्वतःचेच डाव वापरायचा. त्याची किंमतही त्यानंच भरली.

घरातही सुख नव्हतं. १८८८ मध्ये एकवीस वर्षांची मुलगी गेली, १८९२ मध्ये पत्नी गेली. मासिक १८९१ मध्येच बंद पडलं होतं. १८९४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या स्टाइनिट्झसमोर पंचवीस वर्षांचा इमान्युएल लास्कर बसला आणि १० विरुद्ध ५ अशा फरकानं विजेतेपद घेऊन गेला. गंमत अशी की लास्कर त्याच्याच लेखनातून शिकला होता. पुढच्या वर्षी हेस्टिंग्जला स्टाइनिट्झनं फॉन बार्डेलेबेनविरुद्ध असा काही हल्ल्याचा डाव खेळला की आजही तो प्रत्येक संग्रहात असतो. भेकड म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. हल्ला त्याला कधीच वर्ज्य नव्हता. पटावर काहीतरी कमावल्याशिवाय हल्ल्याचा हक्क नाही, आणि कमावल्यावर हल्ला केला नाही तर ते हातचं जातं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

१८९६–९७ मध्ये मॉस्कोला लास्करशी पुन्हा सामना झाला. स्टाइनिट्झला फक्त दोन डाव जिंकता आले. त्यानंतर त्याचं मानसिक संतुलन ढळलं आणि काही आठवडे तिथल्याच रुग्णालयात राहावं लागलं. सुटल्यावर तो पुन्हा स्पर्धा खेळू लागला, कारण दुसरं उत्पन्न नव्हतं. १८९९ च्या लंडन स्पर्धेत, मोठ्या स्पर्धांतल्या आयुष्यात पहिल्यांदाच, त्याला एकही बक्षीस मिळालं नाही. १२ ऑगस्ट १९०० रोजी न्यूयॉर्कच्या वॉर्ड्‌स बेटावरच्या मनोरुग्णालयात तो वारला. हातात पैसा नव्हता. ब्रुकलिनच्या एव्हरग्रीन्स दफनभूमीत त्याची कबर आहे.

लास्करनं पुढे आपल्या ग्रंथात या माणसाचे विचार नीट मांडले, टारॅशनं ते शिकवले, निम्झोविचनं ते आणखी वाढवले. त्यानंतर ते इतके सगळ्यांचे झाले की कुणाचे होते हेच विसरायला झालं. पुढच्या वेळी उंटाबदली घोडा घ्यायचा मोह झाला, तर वाचकहो, आधी एवढं बघा: आपला जो उंट जाणार आहे त्याच्या रंगाच्या घरांवर आपली प्यादी पहारा देताहेत का? नसतील, तर समोरचा उंट बिनविरोध निवडून येणार.