चाबूकस्वार विष्णुपंत छत्रे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत चरित्रलेख द्यावयाचा तर तो एखाद्या संताचा, सेनानीचा अथवा नाटककाराचा असावा, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. तो मोडून मी एका चाबूकस्वाराचे चरित्र लिहावयास घेतले आहे. चाबूकस्वार म्हणजे नवा घोडा फेरून त्याला चाल लावणारा आणि नव्या स्वाराला मांड शिकविणारा माणूस.

निमित्त तसे घरगुतीच आहे. माझा नऊ वर्षांचा नातू गेल्या हिवाळ्यापासून रविवारी सकाळी घोडेस्वारी शिकावयास जाऊ लागला. पहिल्याच दिवशी घोड्यावर बसावयास मिळणार या आनंदात तो गेला आणि परतला तो अंगाला लिदीचा वास घेऊनच. त्याच्या शिक्षकांनी त्याला घोड्यावर बसू दिलेच नव्हते. हाती खरारा दिला होता आणि एका म्हाताऱ्या घोडीचे अंग घासावयास लावले होते. घरातील मंडळींना हा पैशाचा अपव्यय वाटला. मला मात्र विष्णुपंत छत्रे आठवले.

भारतीय सर्कशीचे जनक म्हणून विष्णुपंतांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. पण सर्कस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झुले, वाघसिंह आणि विदूषक येतात, आणि हा मनुष्य मुळात घोड्यांचा होता ही गोष्ट मागे पडते. त्यांचे सारे कर्तृत्व पागेतून उगवलेले आहे. ती पागा बाजूला ठेवली, तर त्यांचे चरित्र म्हणजे एका धाडसी व्यावसायिकाची कहाणी एवढेच उरते.

विष्णु मोरेश्वर छत्रे यांचा जन्म १८४० च्या सुमारास कृष्णाकाठच्या अंकलखोप या गावी झाला. औदुंबरचे दत्तस्थान ज्या गावाला लागून आहे, तेच हे गाव. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती. मराठ्यांची घोडदळे मोडली होती, शिलेदार शेतीला लागले होते. परंतु सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी अशा पटवर्धनी संस्थानांच्या पागा अजून नांदत्या होत्या. मुलाचे पुस्तकात लक्ष लागेना. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते, घोड्यांचे आणि गाण्याचे. ब्राह्मणाच्या घरी दुसरे वेड कदाचित क्षम्य ठरले असते; पहिले मात्र मोतद्दारांच्या संगतीचे, म्हणजे वाया जाण्याचेच लक्षण मानले गेले असणार.

या दोन्ही वेडांची तहान भागेल असे गाव त्या काळी एकच होते आणि ते शेकडो कोस दूर होते. ते म्हणजे जयाजीराव शिंद्यांचे ग्वाल्हेर. आगगाडी तिकडे पोहोचण्यापूर्वीचा तो काळ. आपण परप्रांतांत राहणारी मंडळी नोकरीच्या निमित्ताने बाहेर पडलो. हा तरुण गुरूच्या शोधात बाहेर पडला. ग्वाल्हेरीस त्याला दोन गुरू लाभले. गाण्यासाठी ख्यालगायकीचे महान उस्ताद हद्दूखाँ आणि अश्वविद्येसाठी बाबासाहेब आपटे.

या आपट्यांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले होते, आणि त्यांनी पुढे लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळच्या उत्तर हिंदुस्थानात घोड्याची खरी पारख असणारी म्हणून जी तीन नावे गोडसे भटजी देतात, ती नानासाहेब पेशवे, झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आणि ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे यांची. राणींच्या पारखीची एक आठवण प्रसिद्धच आहे. सौदागराने दोन घोडे आणले, दोन्ही दिसावयास सारखेच देखणे. बाईंनी दोहोंना फेरून पाहिले आणि एकाला भारी किंमत देऊन दुसरा जवळजवळ फुकटात काढला. त्याच्या छातीत जुनी इजा होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती पण चालीत उमटत होती. लक्ष्मीबाई रणात पडल्या, नानासाहेब परागंदा झाले. त्या तिघांपैकी शिष्य घडवावयास मागे राहिले ते आपटेच, आणि अंकलखोपचा मुलगा त्यांच्याकडे आला.

पागेत शिक्षण कसे चालते हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी चार शब्द लिहितो. कारण देश बदलला तरी त्याचा क्रम फारसा बदलत नाही. दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. आधी ठाण झाडून लीद काढावयाची, मग पाणी, मग खरारा. खरारा म्हणजे केवळ अंग स्वच्छ करणे नव्हे. हात मानेवरून छातीकडे, छातीवरून पायांकडे उतरत जातो आणि कोठे सूज आहे, कोठे कातडी ताणते आहे, कोठे स्पर्श होताच जनावर अंग चोरते आहे, हे त्या हाताला कळत जाते. खूर उचलून त्यात रुतलेला खडा काढावयाचा. तो राहिला तर सायंकाळपर्यंत घोडा लंगडतो. चंदी मोजून द्यावयाची, आणि दमून आलेल्या घोड्याला लगोलग पोटभर चारू नये हे विसरावयाचे नाही. जीन कसल्यावर तंगाखाली दोन बोटे जातात की नाही ते पाहावयाचे. हे सारे अंगवळणी पडेपर्यंत पाठीवर बसण्याची गोष्ट निघत नाही. बसावयास मिळाले तरी आरंभी ना रिकीब, ना लगाम. मधोमध उभा असलेला शिक्षक लांब दोरीवर घोडा गोल फिरवितो आणि शिकणारा पोर केवळ मांड्यांच्या पकडीवर स्वतःला सावरीत राहतो. पडणे हा त्या शिक्षणाचा एक भागच आहे. गुरू पडण्याबद्दल रागावत नाही. लगाम मिळाल्यावर तोल सावरण्यासाठी जो तो ओढतो आणि घोड्याचे तोंड दुखवितो, त्याच्यावर मात्र रागावतो.

विष्णुपंतांचे गाणे आणि त्यांचे घोडे यांत काही नाते असावे, असे मला राहून राहून वाटते. घोड्याची संथ चाल चार ठोक्यांची असते, दुडकी दोन ठोक्यांची, आणि त्याहून वेगाची, स्वाराला पाळण्यासारखी झुलविणारी चाल तीन ठोक्यांची. स्वाराने ठोका ओळखून उठावे, बसावे, झेप घ्यावी. हद्दूखाँच्या तालमीत ज्याचे कान तयार झाले, त्याला पाठ न बघता घोड्याचा पाय ऐकू आला असेल, तर त्यात आश्चर्य ते काय? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

विद्या संपादून विष्णुपंत दक्षिणेत परतले आणि कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पागेवर राहिले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, नरसोबाच्या वाडीसमोरचे हे टुमदार संस्थान. मान होता, पोटाची चिंता नव्हती. दुसऱ्या कोणी आयुष्य तेथेच काढले असते.

१८७९ साली जुझेप्पे क्यारिनी या इटालियन गृहस्थांची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली. क्यारिनी स्वतः जातिवंत अश्वशिक्षक होते. त्यांचे घराणेच खेळियांचे. विष्णुपंतांनी तो खेळ पाहिला. त्यानंतरची कथा अशी सांगतात की, हिंदुस्थानी लोकांना असली सर्कस उभारावयास अजून पुष्कळ काळ लागेल, असे काहीसे उद्गार त्या परदेशी मालकांनी काढले. ते विष्णुपंतांच्या जिव्हारी लागले आणि काही महिन्यांतच खेळ करून दाखविण्याचा पण त्यांनी केला. अशा कथा पुढे पुढे फुगत जातात हे मान्य. पण गाभा खरा दिसतो.

मला विचाराल तर विष्णुपंतांना तेथे नवलाईपेक्षा ओळखच अधिक पटली असावी. आधुनिक सर्कशीचा जन्मच मुळी घोडेस्वारीच्या शाळेतून झालेला आहे. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप ॲस्टली नावाचा एक निवृत्त घोडदळी शिपाई सकाळी शिकवणी घेई आणि दुपारी त्याच मैदानात कसरती दाखवी. गोलात दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभे राहिले की आतल्या अंगाला झुकून तोल साधता येतो, हे त्याने हेरले. पुढे या रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला आणि जगभर तोच रूढ झाला. नाना खेळ मागाहून आले. आधी आला तो घोड्याचा चक्कर. तो तर विष्णुपंतांना ग्वाल्हेरीपासून ठाऊक होता. क्यारिनींच्या तंबूत त्यांना आपलीच विद्या परक्या पोशाखात भेटली.

तरीही पाऊल सोपे नव्हते. पागेतील मानाची जागा सोडून तिकीट लावून खेळ दाखवावयाचा म्हणजे त्या काळच्या दृष्टीने तमासगीर व्हावयाचे. पैसा उभा करावयाचा, माणसे शिकवावयाची, आणि फसले तर तोंड लपवावयास जागा नाही. विष्णुपंतांनी ते केले. २० मार्च १८८० हा भारतीय सर्कशीचा जन्मदिवस मानला जातो. ‘ग्रेट इंडियन सर्कस’ असे त्यांनी आपल्या मंडळीचे नाव ठेवले आणि त्यात घोड्यांच्या कामाला मानाचे स्थान दिले.

यापुढची वर्षे प्रवासाची. आगगाडीच्या डब्यांतून घोडे नेणे, नव्या गावी नवे पाणी त्यांना मानवते की नाही ते पाहणे, तंबूमागे पागा उभारणे, अगाडी-पिछाडी बांधणे. खेळ दोन-तीन तासांचा, पण पागा चोवीस तासांची. देशभर दौरे झाले, समुद्रापलीकडे सिंहलद्वीपातही मंडळी गेली. त्यांच्या मागोमाग म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर, तासगावचे परशुराम माळी यांच्या सर्कशी निघाल्या. सारे एकाच कृष्णाकाठचे.

१८८७-८८ च्या सुमारास छत्र्यांचा तंबू मलबारात तेलिचेरीला लागला. तेथे बासेल मिशनच्या शाळेत मुलांना कसरत शिकविणारे कीलेरी कुञ्ञिकण्णन या शिक्षकांची आणि विष्णुपंतांची गाठ पडली. मलबारच्या कलरीत तयार झालेली अंगे आणि मराठी माणसाचे रिंगण यांचा मेळ घालावा असे दोघांत ठरले. कुञ्ञिकण्णन यांनी मुले तयार करावी, विष्णुपंतांनी त्यांना काम द्यावे. १९०१ साली कुञ्ञिकण्णन यांनी चिरक्करा येथे सर्कशीचीच शाळा काढली आणि १९०४ साली त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी ग्रँड मलबार सर्कस सुरू केली. आज सर्कस म्हणजे केरळ असे समीकरण झाले आहे. केरळात राहणाऱ्या आपल्या बांधवांनी हा धागा आपल्या शेजाऱ्यांना अवश्य सांगावा. मात्र फुशारकीने नव्हे, कारण मुले घडविण्याचे कष्ट त्या शिक्षकांचे होते.

मुलांचा विषय निघाला म्हणून एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. पुढल्या काळात पोटासाठी सर्कशीत घातलेल्या, घरापासून तोडलेल्या लेकरांचे हाल झाले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला मुलांना सर्कशीत कामास लावण्यावर बंदी घालण्याचा आदेश द्यावा लागला. तो योग्यच झाला. आपल्या हौसेने खरारा हाती धरणारा मुलगा आणि भुकेने झुल्यावर चढविलेला मुलगा यांत अंतर आहे, आणि गुणगौरव करताना ते पुसून टाकता येत नाही.

विष्णुपंतांच्या आयुष्यातील सर्वांत हृद्य प्रकरण मात्र रिंगणाबाहेरचे आहे. हद्दूखाँ १८७५ साली वारले. त्यांचे पुत्र रहिमतखाँ, म्हणजे विष्णुपंतांचे गुरुबंधू, अलौकिक गळ्याचे गवई. पण घरची घडी विस्कटल्यावर अफूच्या आहारी जाऊन ते वाऱ्यावर फिरत राहिले. काशीत अत्यंत दीनवाण्या स्थितीत ते विष्णुपंतांना आढळले. विष्णुपंतांनी त्यांना उचलून आपल्या मंडळीत आणले, अंगावर कपडे चढविले, वेळेवर जेवू घातले, त्यांचे विक्षिप्त स्वभाव सांभाळले आणि गावोगाव त्यांचे गाणे लोकांना ऐकविले. बुजलेले, कोणाला जवळ येऊ न देणारे जनावर कसे सांभाळावे हे ज्याला कळते, त्यालाच हे साधावे. अनेकांनी रहिमतखाँचे गाणे प्रथम ऐकले ते छत्र्यांमुळे. भूगंधर्व ही त्यांची ख्याती झाली, तिच्या पाठीशी हा चाबूकस्वार उभा होता.

१९०५ च्या सुमारास विष्णुपंतांचे इंदुरास निधन झाले. जन्म कृष्णाकाठी, विद्या ग्वाल्हेरीस, देह पडला तो होळकरांच्या माळव्यात. सर्कस त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी पुढे चालविली आणि रहिमतखाँचा सांभाळही त्यांनीच केला. ग्रामोफोन तबकड्यांवर रहिमतखाँचा जो आवाज आज ऐकावयास मिळतो, तो त्यांच्या उतारवयातला, विष्णुपंत गेल्यानंतरचा आहे. १९२२ साली त्यांनी देह ठेवला तो कुरुंदवाडला, ज्या गावच्या पागेतून विष्णुपंत रिंगणाकडे निघाले होते त्याच गावी.