सूर शाबूत, शब्द परागंदा

‘बोलेरो’ या १९२८ मधील रचनेने फ्रेंच संगीतकार मोरीस राव्हेल यांचे नाव जगभर दुमदुमले. पुढच्या पाचच वर्षांत त्यांना स्वतःची सही करणे जड जाऊ लागले. ऑक्टोबर १९३२ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या टॅक्सीला अपघात होऊन डोक्याला मार बसला होता. आजाराचे खापर पुष्कळांनी त्यावरच फोडले. वास्तविक विसराळूपणाची चाहूल त्याआधीच लागली होती. १९३३ च्या उन्हाळ्यात पोहताना या निष्णात पोहणाऱ्याचे हातपाय त्याचे ऐकेनासे झाले. सर्व्हान्तेसच्या डॉन किहोतेवरील तीन गीते ही त्यांची अखेरची रचना. तिच्या वाद्यवृंदाच्या मांडणीत शिष्य मानुएल रोझेंताल आणि स्नेही ल्यूसिएँ गार्बां यांना हात द्यावा लागला.

मेंदूतज्ज्ञ थेओफिल आलाजुआनीन यांनी राव्हेल यांना तपासले तेव्हा एक चमत्कारिक विसंगती दिसली. ऐकलेली सुरावट ते ओळखत, आपल्या रचनेतली वादकाची बारीकशी चूकही पकडत. मात्र स्वरलिपी वाचणे, स्वराचे नाव सांगणे, तो कागदावर उतरवणे त्यांना दुष्कर झाले होते. योजलेली नवी संगीतनाटिका मनात घुमत असूनही कागद कोराच राहिला. बुद्धी जागी, आपले काय हरपते आहे याची पुरती जाणीव, आणि ते सांगायला शब्द नाहीत: या आजाराचे खरे क्रौर्य इथेच आहे. क्रमाक्रमाने वाढणाऱ्या वाचाघाताला स्वतंत्र आजार म्हणून ओळख मिळाली ती १९८२ मध्ये, अमेरिकी तज्ज्ञ मेसुलम यांच्या लेखनानंतर. राव्हेल यांना नेमके तेच होते का, याविषयी वैद्यांत अजून मतभेद आहेत.

त्या काळी त्यांच्यासाठी खात्रीचा उपचार नव्हता. आधार होता तो माणसांचा. राव्हेल अविवाहित. मोंफोर-लामोरी येथील त्यांचे घर सांभाळणाऱ्या मादाम रेव्हलो, व्हायोलिनवादक एलेन जुर्दां-मोरांज, धाकटे बंधू एदुआर यांनी त्यांना एकटे पडू दिले नाही. मित्रमंडळी त्यांना मैफलींना नेत. ‘बोलेरो’ जिच्यासाठी रचले त्या नर्तकी इडा रूबिन्श्टाइन यांनी १९३५ मध्ये स्पेन व मोरोक्कोच्या प्रवासाचा खर्च उचलला. सोबतीला शिल्पकार लेओं लेरित्झ होते. प्रवासात त्यांचे मन काहीसे उभारी धरून होते, पण लेखणी चालली नाही.

अखेर गाठीच्या शंकेने डिसेंबर १९३७ मध्ये क्लोव्हिस व्हँसाँ यांनी मेंदूवर शस्त्रक्रिया केली. गाठ सापडली नाही. राव्हेल क्षणभर शुद्धीवर आले, भावाची चौकशी केली आणि पुन्हा बेशुद्ध झाले. २८ डिसेंबर रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आलाजुआनीन यांनी त्यांच्या निरीक्षणांवरचा निबंध १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. वाचाघात झालेल्या कलावंतांच्या अभ्यासात आजही त्याचा आधार घेतला जातो.