शेठ मियां महंमद छोटानी

व्यापाऱ्याची पत आणि पुढाऱ्याची कीर्ति यांचें मूळ एकच, तें म्हणजे चोख हिशेब. शेठ छोटानी यांचें चरित्र वाचतांना ही गोष्ट आम्हांस विशेष जाणवते.

छोटानी हे मुंबईंतील लांकडाचे मोठे व्यापारी. पहिल्या महायुद्धांत तुर्कस्तानचा पराभव होऊन खलिफाची गादी धोक्यांत आली, तेव्हां १९१९ सालीं मुंबईच्या मुसलमान व्यापाऱ्यांनीं पुढाकार घेऊन खिलाफत कमिटी स्थापिली. तिचें अध्यक्षपद छोटानींकडे आलें. महात्मा गांधींस त्यांनीं मनापासून साथ दिली, आणि १९२१ सालीं तुर्कस्तानची बाजू मांडण्यास ते विलायतेसहि गेले.

या चळवळीवर सरकारची करडी नजर होती. तिच्या सभांचे वृत्तांत गुप्त पोलीस टिपून ठेवीत. १९२५ सालीं तर गुप्तवार्ता खात्यांतील बॅमफर्ड नामक अधिकाऱ्यानें असहकार व खिलाफत या चळवळींचा इतिहासच सरकारी उपयोगासाठीं लिहिला.

परंतु शेठजींची पत हेरांनीं घालविली नाहीं. १९२२-२३ च्या सुमारास निधीचा हिशेब निघाला, तेव्हां सुमारें १६ लाख रुपये त्यांच्या व्यापारांत अडकल्याचें उघड झालें. भरपाईदाखल त्यांनीं आपल्या लांकूड कापण्याच्या गिरण्या कमिटीस दिल्या. पण गेलेला विश्वास परतला नाहीं. १९२४ सालीं तुर्कांनींच खिलाफत रद्द केली.

आमच्या मोशींत उत्सवाची वर्गणी जमविणाऱ्या मुलांनीं एवढें ध्यानांत धरावें: लोकांचा पैसा आपल्या पैशांत क्षणभरहि मिसळूं नये.