मुलांना शाळेत धाडणारा लढवय्या

तुम्हाला हॉस्टेलवर सोडून परत निघालेल्या बाबांचा चेहरा आठवतोय? तो डोळ्यांपुढे ठेवा आणि मॅनुएलितोची गोष्ट वाचा.

हा नवाहो लोकांचा पुढारी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, आजच्या अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोत मेंढ्या पाळणारी आणि मका पिकवणारी ही जमात. मॅनुएलितो जन्मला १८१८ च्या आसपास. त्याचा सासरा नार्बोना, मोठं नाव. १८४९ मध्ये अमेरिकी सैन्याशी बोलणी झाली, एका घोड्यावरून वाद पेटला आणि सैनिकांनी म्हाताऱ्या नार्बोनाला गोळ्या घातल्या. एका घोड्यावरून! पुढे किल्ल्याच्या घोड्यांना कुरण हवं म्हणून सैनिकांनी मॅनुएलितोची जनावरं मारली. ३० एप्रिल १८६० ला त्याने आणि बार्बोन्सितोने सुमारे हजार लोक घेऊन फोर्ट डिफायन्सवर हल्ला केला. किल्ला पडता पडता वाचला.

मग आला किट कार्सन. त्याच्या सैन्याने शेतं जाळली, मेंढ्या मारल्या, कॅन्यन डी शेमधली पीचची झाडंसुद्धा तोडली. उपासमारीने हरलेल्या आठ हजारांहून जास्त माणसांना काहीशे किलोमीटर चालवत बॉस्के रेदोंदोच्या छावणीत नेलं. तिथलं पाणी खारट, पीक येत नव्हतं. मॅनुएलितो मात्र डोंगरात तग धरून होता. सप्टेंबर १८६६ मध्ये तो शरण आला, तेव्हा सोबत उरले होते जेमतेम तेवीस जण.

१ जून १८६८ ला करार झाला आणि नवाहो आपल्या मुलखात परतले. हे फार थोड्या जमातींच्या नशिबी आलं. मॅनुएलितो आता मोठा पुढारी. नवाहो पोलिसांचा प्रमुख झाला. १८७४ मध्ये बायको हुआनितासोबत वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष ग्रँटना भेटून आला. गोऱ्यांशी टिकायचं तर शिकायलाच हवं, हे त्याला पटलं होतं. म्हणून १८८० च्या दशकात त्याने स्वतःची मुलं पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेत धाडली. तिथे केस कापायचे, मातृभाषा बोलायला बंदी. थोड्याच काळात पोटचा मुलगा आजारपणात गेला. बापाने उरलेली नवाहो मुलं परत मागितली.

यानंतरचा मॅनुएलितो बघवत नाही. दारू वाढली, तुरुंगाची हवाही खाल्ली. ज्याला सैन्य वाकवू शकलं नाही तो असा खचला. त्याला दारुडा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो गेला.

आज कॉलेजला जाणाऱ्या हुशार नवाहो मुलामुलींना त्यांचं स्वतःचं सरकार एक शिष्यवृत्ती देतं. तिचं नाव, चीफ मॅनुएलितो स्कॉलरशिप.