थॉमस फेअरचाइल्ड

थॉमस फेअरचाइल्ड (इ.स. १६६७ – १० ऑक्टोबर, इ.स. १७२९) हे लंडनमधील इंग्रज रोपवाटिकाकार व उद्यानतज्ज्ञ होते. दोन भिन्न जातींच्या वनस्पतींचा हेतुपुरस्सर संकर घडवून नवे रोप निर्माण करणारी पहिली ज्ञात व्यक्ती म्हणून त्यांची ओळख आहे. डायन्थस प्रजातीतील स्वीट विल्यम व कार्नेशन या दोन फुलझाडांपासून त्यांनी तयार केलेले रोप 'फेअरचाइल्डचे खेचर' या नावाने प्रसिद्ध झाले.

जीवन

फेअरचाइल्ड यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील ऑल्डबोर्न या गावी झाला. इ.स. १६८२ मध्ये ते लंडनला एका कापड कारागिराकडे उमेदवारीसाठी दाखल झाले. मात्र त्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. इ.स. १६९०च्या सुमारास त्यांनी शहराच्या उत्तरेकडील हॉक्स्टन येथे बागकाम सुरू केले आणि पुढे तेथेच स्वतःची रोपवाटिका नावारूपास आणली. द्राक्षवेलींच्या व परदेशी वनस्पतींच्या संग्रहासाठी ती ओळखली जात असे. अमेरिकेतील वनस्पती व पक्ष्यांचे चित्रकार मार्क केट्सबी यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध होता.

विद्यापीठाचे शिक्षण नसलेला हा माळी रॉयल सोसायटीच्या विद्वानांमध्ये मात्र आदराने ऐकला जाई. वनस्पतींतील रसाच्या वहनाविषयीचे त्यांचे प्रयोग इ.स. १७२४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पिंक फुलांची ओळख

फेअरचाइल्ड यांच्या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी या फुलांचा थोडा परिचय आवश्यक आहे. इंग्रजीत डायन्थस प्रजातीतील फुलांना 'पिंक' म्हणतात. गुलाबी रंगाला हे नाव या फुलांवरून मिळाले, रंगावरून फुलांना नव्हे. समोरासमोर येणारी अरुंद पाने, फुगीर पेरे, नळीसारखा निदलपुंज व त्याच्या तळाशी चिकटलेली छोटी छदे या खुणांवरून रानातही ही झाडे ओळखता येतात. पाच पाकळ्यांच्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या असतात. छदांकडे पाहण्याची सवय नसलेला मनुष्य याच कुलातील इतर फुलांशी त्यांची सहज गल्लत करतो.

स्वीट विल्यमची पाने तुलनेने रुंद असून लहान फुलांचा दाट झुबका दांड्याच्या टोकाशी येतो. त्याला फारसा वास नसतो. कार्नेशनची पाने निळसर राखी व अरुंद असतात, फुले मोठी, सुटी किंवा मोजकीच येतात आणि त्यांना लवंगेसारखा सुगंध असतो. दोन्ही झाडांना भरपूर ऊन व पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन लागते. मुळाशी पाणी साचले की ती कुजतात. (महाराष्ट्रातील रोपवाटिकांत हिवाळ्यात 'डायन्थस' म्हणून विकली जाणारी रोपे बहुधा चिनी पिंकची असतात. पुणे परिसरातील हरितगृहांत होणारे कार्नेशन मात्र फेअरचाइल्ड यांच्या कार्नेशनच्याच जातीचे वंशज आहे.)

संकराचा प्रयोग

वनस्पतींनाही लिंगभेद असतो हे जर्मन शास्त्रज्ञ कामेरारियुस यांनी इ.स. १६९४ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. तरीही बहुतेकांना ही कल्पना चमत्कारिक, काहींना तर अशिष्ट वाटत असे. अशा काळात फेअरचाइल्ड यांनी स्वीट विल्यमचे परागकण कार्नेशनच्या कुक्षीवर ठेवले. मिळालेले बी रुजले आणि त्यातून जे रोप आले ते दोघांच्या मधले होते. त्यांचे मित्र व वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रॅडली यांनी इ.स. १७१७ मध्ये आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले.

घोडी व गाढव यांच्या संकरातून जन्मणारे खेचर जसे वांझ असते, तसेच हे रोपही बी धरत नसे. म्हणून त्याला खेचर हे नाव पडले. बी नसल्याने त्याची वाढ दाब कलम किंवा छाट कलम करूनच करावी लागे. तरीही पुढे दीर्घकाळ ते इंग्लंडच्या बागांत टिकून होते. त्याचे वाळवलेले नमुने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या व लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाच्या वनस्पतिसंग्रहांत आजही जपलेले आहेत.

सर्व जाती परमेश्वराने सृष्टीच्या आरंभीच निर्माण केल्या व त्यांत भर पडू शकत नाही, असा त्या वेळचा दृढ समज होता. माळ्याने नवे झाड घडवणे म्हणजे ईश्वराच्या कामात ढवळाढवळ, असा अर्थ निघण्याची शक्यता होती. इ.स. १७२० मध्ये रॉयल सोसायटीपुढे हे रोप मांडताना ते दोन्ही बिया शेजारी पडून योगायोगाने उगवले असे सांगण्यात आले. ब्रॅडली यांचे आधीचे वर्णन पाहता हा खुलासा सावधगिरीपोटी दिला गेला असावा. या शोधाचा पाठपुरावाही त्या वेळी कोणी केला नाही. संकराचा पद्धतशीर अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ क्योलरॉयटर यांनी इ.स. १७६०च्या सुमारास हाती घेतला. त्यांच्या प्रयोगांतही डायन्थसचा समावेश होता.

शहरी बागांविषयीचे लेखन

इ.स. १७२२ मध्ये प्रसिद्ध झालेले 'द सिटी गार्डनर' हे शहरातील बागकामावरील आरंभीच्या पुस्तकांपैकी एक आहे. दगडी कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लंडनमध्ये कोणती झाडे तग धरतात, याचे त्यात प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले मार्गदर्शन आहे. अंजीर, तुती व द्राक्षवेल शहरातही फळतात हे त्यांनी दाखवून दिले. चौकांतील मोकळ्या जागा आणि अरुंद अंगणे यांचाही विचार त्यांनी केला. श्रीमंतांच्या विस्तीर्ण उद्यानांवरच लिहिण्याच्या त्या काळात ही दृष्टी वेगळी होती.

मृत्यू व देणगी

इ.स. १७२९ मध्ये फेअरचाइल्ड यांचे निधन झाले. शोरडिच येथील सेंट लेनर्ड चर्चच्या गरिबांसाठी राखलेल्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. मृत्युपत्रात त्यांनी या चर्चसाठी २५ पौंड ठेवले. त्याच्या व्याजातून दरवर्षी व्हिटसन सणाच्या मंगळवारी सृष्टीतील ईश्वराची अद्भुत कृत्ये किंवा वनस्पती व प्राण्यांतील बदलांवरून सिद्ध होणारे मृतांचे पुनरुत्थान यांपैकी एका विषयावर प्रवचन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. ही देणगी संकराच्या पापाचे प्रायश्चित्त होती असे अनेकदा लिहिले जाते. मृत्युपत्रातील विषय पाहता मात्र त्यात खंतीपेक्षा बागेत आयुष्यभर पाहिलेल्या नवलाविषयीचा भक्तिभाव अधिक दिसतो. 'वनस्पती प्रवचन' म्हणून ओळखली जाणारी ही परंपरा पुढे दीर्घकाळ चालली. पुरातत्त्वज्ञ विल्यम स्ट्यूकली यांनीही ती प्रवचने दिली होती. नंतर ती लंडनमधील माळ्यांच्या संघाच्या देखरेखीखाली सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये होऊ लागली.