बारकोडच्या आधीचे बालगंधर्व: तबकडीवरच्या नंबरात जपलेला आवाज

लातूरच्या गंजगोलाईत बिस्किटाचा पुडा घ्या नाहीतर नांदेडच्या वजिराबादेत साबण घ्या, दुकानदार मशीन पुढे धरतो, टिक् असा आवाज येतो आणि बिल तयार. पुड्यावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघांखालचे आकडे बहुतेक वेळा ८९० ने सुरू होतात. त्याचा अर्थ वस्तू भारतात बनली असा नाही, तर तिचा नंबर भारतात नोंदवला गेला आहे एवढाच.

दुकानात हा बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. वस्तू होती च्युइंगगमचं पाकीट.

मराठी माणसाला २६ जून ही तारीख वेगळ्या कारणानं माहीत असते. १८८८ साली याच दिवशी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व यांचा जन्म झाला. त्यांचं निधन झालं १९६७ मध्ये, बारकोड दुकानात यायच्या सात वर्षं आधी. तरीही आज मोबाईलवर त्यांचा आवाज शोधून ऐकता येतो. या आवाजाची ओळख इतकी वर्षं टिकली, त्यात नंबरांचा वाटा मोठा आहे.

नारायणचे बालगंधर्व झाले

नारायणचं गाणं लहानपणी लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि बालगंधर्व हे नाव दिलं, असं सांगितलं जातं. तेव्हा युरोपात जसा ऑपेरा होता तसं आपल्याकडे संगीत नाटक होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं आणि पुढच्या काही दशकांत मराठी माणसाला नाट्यपदांचं वेडच लागलं.

१९०१ मध्ये किर्लोस्कर मंडळीचे लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर गेले. त्यांची जागा कोण घेणार हा प्रश्न मंडळीपुढे होता. छत्रपती शाहू महाराजांनी लक्ष घातलं आणि १९०५ मध्ये नारायणराव मंडळीत आले. स्त्रीभूमिका करणाऱ्या या तरुण नटाची साडी नेसायची, केस बांधायची पद्धत पुढे घरोघरच्या बायका उचलू लागल्या.

१२ मार्च १९११ ला मुंबईत मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. त्यांनी प्रयोग रद्द केला नाही. भामिनीच्या वेशात उभे राहिले आणि गायले.

१९१३ मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं स्वयंवर १९१६ मध्ये आलं, एकच प्याला १९१९ मध्ये. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. प्रयोग रात्रभर चालायचे आणि वन्स मोअर थांबायचे नाहीत.

रात्रभराचं गाणं तीन मिनिटांत

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कोलकात्यात. सुरुवातीला तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये छापून यायच्या. तिथल्या कारागिरांना भारतीय गाणं कोणाचं ते कळावं कसं? म्हणून गोहर जानसारख्या गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव बोलून दाखवायच्या. बारकोडचं काम तेव्हा गायिकेच्या तोंडून व्हायचं म्हणा ना.

पण खरी ओळख नंबरानं ठरायची. ७८ गतीच्या तबकडीवर असे दोन नंबर असतात. मधल्या गोल कागदावर, म्हणजे लेबलवर छापलेला असतो तो कॅटलॉग नंबर. दुकानदार हा नंबर सांगून माल मागवायचा. दुसरा मॅट्रिक्स नंबर. तो लेबलच्या कडेला, जिथे खाचा संपतात त्या गुळगुळीत भागात उमटवलेला असतो. कॅटलॉग नंबर अख्ख्या तबकडीचा असतो आणि मॅट्रिक्स नंबर एका बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा. एकच पद दोनदा गाऊन घेतलं असेल तर नेमकं कोणतं गाणं छापलं, ते या दुसऱ्या नंबराच्या खुणेवरून शोधता येतं.

बालगंधर्वांसाठी हे फार महत्त्वाचं. एकच पद ते दर रात्री वेगळं फुलवायचे. तबकडीच्या एका बाजूला मिळायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. १९२५ च्या सुमारास जगात मायक्रोफोनचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. कर्ण्यातला आवाज आणि मायक्रोफोनमधला आवाज वेगळा ऐकू येतो. नंबरावरून तबकडीचा काळ कळला, तर आवाज वयामुळे बदलला की यंत्रामुळे, तेही कळतं.

ज्याला नंबर नाही, ते गेलं

८ जुलै १९२१ ला मुंबईत संयुक्त मानापमान झालं. बालगंधर्व भामिनी, तर ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटांचा पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला. तीनच महिन्यांत केशवराव वारले. दोघांचा तो सामना त्या काळच्या यंत्रांना टिपता येणं शक्यच नव्हतं. ती रात्र उरली फक्त लोकांच्या आठवणीत.

नाटकावर पैसा ओतायच्या स्वभावानं मंडळी कर्जात बुडत गेली. १९३५ मध्ये ते प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात उतरले. स्त्रीभूमिकांच्या या सम्राटानं त्यात पैठणच्या संत एकनाथांचं काम केलं. मराठवाड्याच्या संताला पडद्यावर बालगंधर्वांचा चेहरा मिळाला. पण सिनेमात ते रमले नाहीत, पुन्हा नाटकाकडे वळले.

नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. पुण्या-मुंबईचं नाटक ऊठसूट बघायला जाणं कुणाला परवडणार? पण चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी कुठल्याही गावात पोचू शकत होती.

उतारवयात त्यांच्या पायांनी साथ सोडली. पैशाची चणचण होतीच. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांच्यासोबत गाणाऱ्या, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या गोहरबाई कर्नाटकी त्याच १९६४ मध्ये गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्वही गेले. पुढच्याच वर्षी २६ जूनला पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडलं.

मोबाईलवर घोळ कुठे होतो?

तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडी आली. सीडीच्या पाठीवर बारकोड असतो, पण तो डब्याचा नंबर. आतल्या प्रत्येक गाण्याला वेगळा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. जुन्या कॅटलॉग आणि मॅट्रिक्स नंबरांची ही नवी जोडीच समजा.

गंमत अशी की आयएसआरसीमधलं वर्ष हे कोड दिल्याचं असतं, गाणं गायल्याचं नाही. त्यामुळे कोडात २००५ असलं तरी गाणं त्याच्या ऐंशी वर्षं आधीचं असू शकतं.

नावाचा घोळ वेगळाच. बालगंधर्व असं शोधलं की २०११ च्या चित्रपटातली आनंद भाटे यांनी गायलेली पदंही समोर येतात. गोहर शोधलं की कोलकात्याच्या गोहर जान आणि आपल्या गोहरबाई एकमेकींत मिसळतात. नाव सारखं असलं तरी प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा नंबर वेगळा असतो.

याचा संबंध हक्कांशीही आहे. सध्याच्या भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. पदाचे शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा होतो. म्हणजे वर्ष चुकलं की हिशोबही चुकतो.

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या वाड्यात माळ्यावर काळ्या तबकड्या सापडल्या तर भंगारात घालू नका. त्या लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात. दोन्ही बाजूंच्या लेबलचे फोटो घ्या आणि कडेच्या गुळगुळीत भागावर तिरका प्रकाश टाकून तिथला नंबरही टिपा. लेबल फाटलं असलं तरी एवढ्यावरून ती बाजू कोणाची आणि कधीची, हे जाणकारांना शोधता येतं. कोण जाणे, त्यात बालगंधर्वांची तीन मिनिटं असायची.